क्रमांक तीनशे बारा

मुखपृष्ठ गेलं तेव्हा पुस्तकाचं नावही त्याच्यासोबत गेलं,
म्हणून रजिस्टरात मी लिहिलंय: ती दोन पोरं.
निपाणीत सगळे असंच मागतात.
ती दोन पोरं आत हाईत काय, बाई?
नाहीत, म्हणते मी, चौगुल्यांकडं गेलीत,
मंगळवारी येतील.

(आमच्या वाचनालयाच्या पाटीवरचं नाव
दोनदा पुसलं, तीनदा लिहिलं.
त्यामुळं बिननावाच्या पुस्तकाचं
मला विशेष काही वाटत नाही.)

गोष्ट अशी. आईबाप पहिल्याच पानावर जातात,
एका ओळीत, मध्ये स्वल्पविराम.
मग एक काका. तो विम्याच्या कागदामागं धावत
स्वतःच्याच विहिरीत.
मग मावशी आणि लोणच्याची बरणी, त्याबद्दल नको.
मग एक वकील, पोरांच्या भाकरीवर
आधी तिकीट चिकटवणारा.
आणि प्रत्येक मयताला थोरली दाराशी बसून चपला मोजते.
दर वेळी एक जोड कमी भरतो.

मागचं कोरं पान आता कोरं नाही.
कुरणे मास्तर, निवृत्त, लाल शाईत:
बालमनावर अनिष्ट परिणाम. शुद्धलेखन मात्र निर्दोष.
मास्तरांनी पुस्तक तीनदा नेलं. तारखा आहेत माझ्याकडं.

शबनूर बागवान, सातवी क:
मावशीचं मरण लई आवडलं.
अजून एक मावशी पाहिजे होती.
त्याखाली तिची आई, घाईघाईत:
पोरगी आता खालाजानकडं बघून हसालीय.
असली पुस्तकं देऊ नका.
(खालाजान पुढच्या आठवड्यात स्वतः येऊन घेऊन गेली.)

दादगोंडा पाटील, किराणा आणि भुसार:
पान ४१ वर गुळाचा भाव चुकलाय.

हौसाबाई लिहीत नाही.
नात वाचते, ती बिड्या वळते.
तोंडीच सांगितलं तिनं, तंबाखूचं शिंकत:
काका पडला तवा एवढी हसलो बघ,
शंभर बिड्या सैल गेल्या, मुकादमानं काढून टाकल्या.
मग जरा थांबून,
मी बी तीन घरं फिरलोय की गं ल्हान असताना.
तवा कोण हसालं न्हवतं.

पेन्सिलीत कुणीतरी: शेवट वाईट.
त्याखाली दुसरं अक्षर:
शेवटचं पान फाटलंय, तुला कसं कळलं?
त्याखाली पहिलंच अक्षर:
म्हणून तर.

सगळ्यात खाली, कोपऱ्यात, कन्नड लिपीत एकच शब्द.
गोल गोल, खोडून पुन्हा काढलेला.
कन्नड मला बोलता येतं, वाचताना अडखळते,
तरी लावला: मुंदेन?
पुढं काय?

तो ईरण्णाच असणार, बोर्डिंगातला.
मराठी त्याला कुणी शिकवली नाही.
एसटीच्या पाट्या वाचून, औषधाच्या खोक्यांवरून
जोडाक्षरं गोळा केली त्यानं.
एक पान, एक संध्याकाळ.
बोट ओळीखालून सरकतं, मधेच थांबतं,
आणि मग एकटाच फिस्सकन हसतो,
विहिरीपाशी असणार, मला कळतं.
आवडलं काय रे, विचारलं तर म्हणाला,
चपलांचं खरं हाय.
बाकीचं लेखकानं मनानं लिवलंय.

समितीचं पत्र दर मार्चला येतं:
जीर्ण पुस्तकं रद्दीत काढा, यादी पाठवा.
तीनशे बारापुढं मी दर मार्चला लिहिते, बाहेर गेलंय.
हे खोटं नाही. ती पोरं एका घरात
आठ दिवसांवर कधी टिकलीत?
उशीर झाला तर दिवसाला पन्नास पैसे दंड,
आणि दंड भरून
कुणी त्यांना ठेवून घेतलंय असं
अजून तरी झालेलं नाही.

काल ट्यूबलाइट घालवली, खिडक्या ओढल्या,
खुर्च्या टेबलावर उलट्या टाकल्या.
बाहेर येऊन कुलूप लावलं.
पायरीवर चपलांचा एक जोड होता,
टाचा झिजलेल्या, एका अंगठ्याला सुतळी.
आत कुणी नाही, असंच मी धरून चालले होते.